‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ नेमकं कुणाचं गाणं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या सात मुली स्नेहसंमेलनात ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ गाणार आहेत. तुमच्या घरी कारपेंटर्स या भावंडांच्या जोडीची कॅसेट होती, म्हणून ते तुम्हाला त्यांचं वाटतं. गटातल्या एकीचे वडील म्हणतात बीटल्सचं. मुलींना इंटरनेटवर तिसरंच काही सापडलंय, शिवाय गाण्यामागे एक खरा पोस्टमन होता म्हणे. मग मूळ गाणं कुणाचं? आणि अख्ख्या गाण्यात चारच कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ) असताना ते साठ वर्षं टिकलं कसं?

मी पंचवीसेक वर्षं पुण्यात गायनगट बसवतोय, त्याआधी ड्रम वाजवायचो. हे गाणं मी चार वेळा बसवलंय. पहिल्या वेळी मीही कारपेंटर्सचं ऐकूनच बसवलं होतं आणि ते बेचव झालं होतं. ते बेचव का झालं, हे मला मूळ रेकॉर्ड ऐकल्यावर कळलं, म्हणून आधी तिथूनच सांगतो.

गाणं मार्व्हलेट्स या गटाचं. साल १९६१. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या पश्चिमेला इंक्स्टर नावाचं छोटं गाव आहे. शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये फोर्डचा प्रचंड कारखाना होता, पण तिथे कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे. कारखान्यात राबायचं डिअरबॉर्नला आणि राहायचं इंक्स्टरला, असं त्या वस्तीचं आयुष्य. तिथल्या हायस्कूलच्या गायनवृंदातल्या पाच मुलींनी १९६०च्या सुमारास गट जमवला: ग्लॅडिस हॉर्टन, जॉर्जिआना टिलमन, कॅथरीन अँडरसन, वनिटा कॉवर्ट आणि त्यांच्याहून थोडी मोठी, शाळा संपवलेली जॉर्जिया डॉबिन्स. गटाला त्यांनी ‘कॅसिनयेट्स’ म्हणायला सुरुवात केली. इंग्रजीत ‘अजून गाता येत नाही’ हे भरभर म्हटलं की जसं ऐकू येतं, तसं ते नाव.

शाळेत गायनस्पर्धा झाली. पहिल्या तीन गटांना डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीत आवाज ऐकवायची संधी मिळणार होती. या मुली आल्या चौथ्या. त्यांच्या एका शिक्षिकेने मात्र यांनाही नेऊ या म्हणून आग्रह धरला आणि त्या गेल्या. मला या गोष्टीत ती शिक्षिका फार महत्त्वाची वाटते. स्पर्धेच्या निकालापलीकडे ऐकू शकणारं एखादं माणूस शाळेत असावं लागतं.

मोटाऊनमध्ये मुलींचं गाणं आवडलं, पण अट घातली गेली: दुसऱ्यांची गाणी गाऊ नका, स्वतःचं गाणं घेऊन या. आता शाळेतल्या मुलींकडे स्वतःचं गाणं कुठून येणार? जॉर्जिया डॉबिन्स तिच्या ओळखीच्या विल्यम गॅरेटकडे गेली. तो गाणी रचायचा. त्याच्याकडे पत्राची वाट पाहण्यावर एक ब्लूज होता, म्हणजे संथ, दुखऱ्या अंगाचं गाणं. जॉर्जियाने त्यातलं पोस्टमनला हाक मारणारं शीर्षक तेवढं ठेवलं आणि एका रात्रीत बाकीचं सगळं नव्याने लिहून काढलं. दुखणं तेच राहिलं, पण आता ते दारात उभ्या असलेल्या, पोस्टमनचा रस्ता अडवणाऱ्या मुलीच्या तोंडी आलं. तिथेच या गाण्याचा जन्म झाला असं मी मानतो.

आणि नेमकी तीच मुलगी रेकॉर्डवर नाही. करारावर पालकांची सही हवी होती. जॉर्जियाची आई आजारी, अंथरुणाला खिळलेली. वडिलांनी सही करायला ठाम नकार दिला. तिने ग्लॅडिसला गाणं शिकवलं आणि गट सोडला. तिच्या जागी वांडा यंग आली. जॉर्जिया पुढे इंक्स्टरमध्येच राहिली आणि २०२० साली वारली. मी मुलींना हे गाणं शिकवायला घेतो तेव्हा स्वर देण्याआधी ही हकीकत सांगतो. घरून परवानगी न मिळालेली एखादी तरी मैत्रीण प्रत्येक गटाला माहीत असते. त्यानंतर खोलीत जे शांत होतं, त्या शांततेतून गाणं सुरू केलं की ते वेगळं लागतं.

आता मोटाऊनबद्दल. बेरी गॉर्डी हा फोर्डच्या लिंकन-मर्क्युरी कारखान्यात कामाला होता. त्याने १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ नंबरचं साधं घर घेतलं आणि त्यातच स्टुडिओ थाटला. १९६१च्या सुरुवातीला त्याच्या कंपनीतल्या मिरॅकल्स या गटाचं ‘शॉप अराउंड’ देशातल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत पोचलं होतं. पहिला नंबर अजून लागला नव्हता.

मुलींचं गाणं ब्रायन हॉलंड आणि रॉबर्ट बेटमन या दोघांनी हाती घेतलं. ते मिळून स्वतःला ‘ब्रायनबर्ट’ म्हणवून घेत. त्यांच्याबरोबर काम करणारा तिसरा होता फ्रेडी गोरमन, आणि हा डेट्रॉइटमध्ये खरोखरीच टपाल वाटणारा पोस्टमन होता. तुमच्या मुलींनी ‘खरा पोस्टमन होता म्हणे’ असं वाचलंय ते खरं आहे. मात्र गाणं त्याच्यावर लिहिलेलं नाही. गाणं घडवणाऱ्यांत तो होता. पुढे तो ‘ओरिजिनल्स’ या गटात गायला.

ड्रमवर बसला होता बावीस वर्षांचा मार्विन गे. तेव्हा तो गायक म्हणून अजून गाजायचा होता आणि स्टुडिओत दुसऱ्यांसाठी ठेका धरायचा. बेस गिटारवर जेम्स जेमर्सन. मी ड्रमर असल्यामुळे असेल, पण या रेकॉर्डचा पाया मला तिथेच दिसतो. गे काहीही सजवत नाही. गाणं पुढे ढकलत राहतो, दारात उभं राहून पाय आपटणाऱ्या माणसासारखा. एकदा सगळे आवाज विसरून फक्त ड्रम ऐका.

आणि वर ग्लॅडिस हॉर्टन. आईवडिलांविना, दुसऱ्यांच्या घरात वाढलेली, वय जेमतेम सोळा. आवाज जरा घोगरा, कडेला खरबरीत. वरच्या सुरांवर ती जोर लावते तेव्हा आवाज फाटायच्या बेतात येतो आणि फाटत नाही. आजच्या स्टुडिओत हे ‘दुरुस्त’ केलं असतं. १९६१मध्ये ते तसंच राहिलं, आणि गाण्यातली सगळी कळ त्या खरबरीत कडेला आहे. मागच्या मुलीही एकमेकींत विरघळत नाहीत. प्रत्येकीचा आवाज वेगळा कळतो. गाण्याची सुरुवातच त्यांच्या ‘थांब!’ या ओरडण्याने होते, जणू पोस्टमन पुढच्या घराकडे वळलाय आणि सगळ्या मैत्रिणी मिळून त्याला थांबवतायत.

आपल्या कानाला हे परकं नाही. शाहीर पोवाड्याची ओळ टाकतो आणि मागून झीलकरी ‘जी जी रं जी’ उचलतात, तेव्हा ते शाहिराची साथ तर करतातच, शिवाय त्याला पुढे रेटतात. मार्व्हलेट्सच्या मागच्या मुली हेच करतात. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं ही जुनी रीत आहे, ती थेट इथे आलीय. तिला मोटाऊनने नाचायला लागेल असा ठेका दिला, तेव्हा ते सोल (चर्चच्या गाण्यातून आलेलं कृष्णवर्णीयांचं संगीत) आणि पॉप दोन्ही झालं.

तुमचा चार कॉर्डचा प्रश्न इथेच सुटतो. सी पट्टीत धरलं तर क्रम असा: सी, ए मायनर, एफ, जी. प्रत्येक कॉर्डला दोन बार (एक बार म्हणजे चार मात्रा), आठ बारचं एक आवर्तन, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच फिरत राहतं. कडवं वेगळं, ध्रुवपद वेगळं असा प्रकार नाही. पन्नासच्या दशकातल्या कितीतरी अमेरिकन गाण्यांत हाच क्रम आहे, त्यात नवं काही नव्हतं. पण जी ही कॉर्ड अधांतरी असते, तिला परत घरी, सी-वर यायची ओढ असते. आवर्तन दर वेळी त्या ओढीवर संपतं. घरी येतं, पुन्हा निघतं, पुन्हा त्याच जागी ताटकळतं. मधे कुठे वेगळ्या वाटेची सुटका नाही. रोज त्याच वेळी दारात यायचं, पिशवीकडे पाहायचं, नाही म्हटलं की आत जायचं, उद्या परत यायचं. गाणं संपतंही तसंच. शेवटचा ठोका मिळतच नाही, आवाज हळूहळू लहान होत जातो आणि पत्र आल्याचं कुणीच सांगत नाही. वाट पाहण्यावरच्या गाण्याला पाचवी कॉर्ड घातली असती तर ते बिघडलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय तो काळ लक्षात घ्या. अमेरिकेत तेव्हा सक्तीची लष्करभरती होती. शहरोशहरची पोरं दूरच्या छावण्यांत होती आणि लांबचा फोन महाग होता. पत्र हाच धागा. मनीऑर्डरची आणि पत्राची वाट पाहणाऱ्या कोकणातल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

२१ ऑगस्ट १९६१ला मोटाऊनच्या टॅम्ला या लेबलवर ही तबकडी निघाली. गॉर्डीने गटाचं नाव बदलून ‘मार्व्हलेट्स’ केलं होतं. गाणं एका रात्रीत वर गेलं नाही, आठवड्यामागून आठवडे चढत राहिलं आणि ११ डिसेंबरच्या बिलबोर्ड हॉट १०० या देशातल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. मोटाऊनचा हा त्या यादीतला पहिला ‘नंबर एक’. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताची आर अँड बी यादी वेगळी असे, तिथे तर ते सात आठवडे पहिलं होतं.

लगोलग आल्बम काढला, त्याचं नावही हेच. त्याचं मुखपृष्ठ शोधून मुलींना दाखवा. त्यावर कोळ्याचं जाळं लागलेली टपालपेटी आहे. गाणाऱ्या पाच मुलींपैकी एकीचाही चेहरा नाही. दक्षिणेतल्या दुकानांत कृष्णवर्णीय चेहरा असलेली तबकडी विकणं तेव्हा अवघड असे, हे त्यामागचं कारण नेहमी सांगितलं जातं. देशभर ज्यांचा आवाज घरोघरी वाजत होता त्यांचा फोटो मात्र पेटीवर नाही. मला अजूनही ते मुखपृष्ठ पाहिलं की वाईट वाटतं.

पुढचं भरभर सांगतो. यशाच्या मागोमाग पोस्टमनवरच दुसरं गाणं काढलं गेलं, ते ३४व्या नंबरच्या पुढे गेलं नाही. १९६२चं ‘प्लेबॉय’ सातवं आलं, १९६६चं ‘डोंट मेस विथ बिल’ही सातवं. ते वांडा यंगने गायलंय आणि फार गोड आहे. दौऱ्यांच्या धकाधकीत वनिटा १९६३मध्ये बाहेर पडली. जॉर्जिआनाला आजारपणामुळे १९६५मध्ये थांबावं लागलं, १९८०मध्ये ती वारली. १९६४ साली मार्व्हलेट्सना एक गाणं देऊ केलं होतं, त्यांना ते आवडलं नाही म्हणून ते मोटाऊनच्याच सुप्रीम्स या मुलींच्या गटाकडे गेलं. ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ हे ते गाणं. सुप्रीम्सचा तो पहिला नंबर एक, आणि तिथून मोटाऊनचं सगळं लक्ष त्यांच्याकडे वळलं. सत्तरच्या सुमारास मार्व्हलेट्स विखुरल्या. ‘मार्व्हलेट्स’ या नावावरही त्यांचा हक्क नव्हता. पुढे कित्येक वर्षं भलत्याच बायका त्या नावाने कार्यक्रम करत राहिल्या आणि ग्लॅडिसला स्वतःच्या गटाच्या नावासाठी झगडावं लागलं. ती २०११मध्ये गेली.

आता बीटल्स. लिव्हरपूलची ही पोरं अमेरिकन तबकड्या शोधून शोधून ऐकायची. मार्च १९६२मध्ये, स्वतःची एकही प्रसिद्ध तबकडी नसताना, बीबीसी रेडिओवरच्या त्यांच्या अगदी पहिल्या कार्यक्रमात त्यांनी हे गाणं वाजवलं. ३० जुलै १९६३ला ते रेकॉर्ड केलं आणि त्याच वर्षीच्या ‘विथ द बीटल्स’ या दुसऱ्या आल्बमवर घेतलं. मुख्य आवाज जॉन लेननचा. त्यांनी प्रियकराच्या जागी प्रेयसी आणली, गिटारींनी मागची भिंत जाड केली. लेनन ग्लॅडिससारखाच घसा ताणून गातो, म्हणून मला ते आवडतं. त्या आल्बमवर मोटाऊनची एकूण तीन गाणी आहेत, त्यावरून बीटल्स कुणाचं ऐकून मोठे झाले ते कळतं.

कारपेंटर्सचं १९७४च्या शेवटी आलं आणि २५ जानेवारी १९७५च्या यादीत पुन्हा पहिलं आलं. एकच गाणं दोन वेगळ्या कलाकारांनी पहिल्या नंबरावर नेणं तोवर फक्त दोनदा घडलं होतं. कॅरन कारपेंटरचा आवाज मला जीव की प्राण आहे, पण तुमच्या मुलींसाठी ही रेकॉर्ड चुकीचा गुरू आहे. त्यांच्याकडे मागचे आवाज कॅरन आणि तिचा भाऊ रिचर्ड यांचेच, थरावर थर चढवून केलेले. त्यामुळे ते रेशमासारखे एकजीव लागतात. मैत्रिणींचा घोळका त्यात नाहीच, कारण खोलीत तेवढ्या मैत्रिणी नव्हत्या. सात मुलींनी त्या रेशमाची नक्कल करायला घेतली की प्रत्येक जण आवाज दाबते, शेजारणीत मिसळायला बघते आणि सातांचा मिळून एक फिकट आवाज निघतो. माझ्या पहिल्या गटाचं हेच झालं. मी ‘एकजीव व्हा, एकजीव व्हा’ म्हणत राहिलो आणि त्या गुणी मुलींनी ऐकलं.

दुसऱ्या वेळी मूळ रेकॉर्ड घेतली. तालमीच्या खोलीत मुलींना ओळीत उभं न करता मुख्य गाणारीला दाराच्या चौकटीत उभं केलं, बाकीच्या तिच्या मागे दाटीने. समोर एक मुलगी दप्तर खांद्याला लावून पोस्टमन झाली. नियम एकच: मागच्या मुलींनी ‘थांब’ असं मनापासून ओरडलं नाही तर पोस्टमन चालू लागणार. तीन वेळा ती निघून गेली. चौथ्या वेळी मागून असा आवाज आला की ती जागच्या जागी वळली. त्या वळण्यानंतर मला फारसं काही शिकवावं लागलं नाही.

ठेक्याचं मात्र शिकवावं लागतं. आपल्या मुलींचा हात पहिल्या मात्रेवर पडतो, कारण सम तिथे आहे. या गाण्यात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हवी. तोंडी सांगून ते अंगात उतरत नाही. मी त्यांना चालायला लावतो: एकला उजवा पाय, दोनला टाळी, तीनला डावा, चारला टाळी. खोलीच्या दहा फेऱ्या. सहाव्या-सातव्या फेरीला कुणीतरी विचार करणं सोडते आणि तिचे खांदे हलायला लागतात. मग बाकीच्यांना तिच्यामागे चालवायचं.

पट्टी मूळ रेकॉर्डचीच धरायचा हट्ट नको. मुख्य मुलीला वरचा सूर ताणून मिळेल, पण ओरडून नाही, अशी जागा शोधा. अर्धा सूर खाली-वर करून तीन-चार वेळा पाहा. सहज मिळत असेल तर पट्टी खाली आहे. ताण दिसलाच पाहिजे.

कार्यक्रमपत्रिकेत श्रेय छापणार असाल तर एक विनंती. मूळ तबकडीच्या लेबलवर डॉबिन्स, गॅरेट आणि ब्रायनबर्ट ही नावं आहेत, तिथे गोरमन नाही. पुढे निरनिराळ्या ठिकाणी श्रेय बदलत गेलं, आणि कुठे कुठे तर फक्त हॉलंड, बेटमन आणि गोरमन उरले. म्हणजे जिने रात्र जागून शब्द लिहिले तीच गाळली गेली. तुम्ही पाचही नावं छापा: जॉर्जिया डॉबिन्स, विल्यम गॅरेट, ब्रायन हॉलंड, रॉबर्ट बेटमन, फ्रेडी गोरमन. खाली ‘मूळ गायन: मार्व्हलेट्स, १९६१’. आणि निवेदन करणारीला जॉर्जियाचं नाव मोठ्याने घ्यायला सांगा.

मुख्य आवाज कुणाला द्यायचा ते तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. सातांतली सगळ्यात सुरेल मुलगी नको, तिला मागच्या ओळीचा आधार करा. जिचा आवाज थोडा खरबरीत आहे आणि जी त्याची लाज वाटून हळू गाते, तिला दारात उभं करून बघा.